जैसे थे

४ फेब्रुवारी

फिजिओबाई म्हणाल्या, बाबांच्या प्रगतीची रोज नोंद ठेवा. हात किती उचलला, किती वेळ बसले, काही बोलले का. म्हणून ही वही. पण प्रगती दोन ओळींत संपते आणि पान मोठं आहे. तेव्हा उरलेल्या जागेत मी माझी भुणभुण लिहिणार. ऐकायला घरात दुसरं आहे कोण?

तर प्रगती. उजवा हात खांद्यापर्यंत गेला, म्हणजे मी धरून नेला तेव्हा गेला. उशांना टेकून बसले. बोलले नाहीत.

आता माझं. घाईवाल्यांचा फोन आला. हे गृहस्थ दवाखान्यांसाठी व्यायामाच्या पुस्तिका छापतात आणि त्यांना प्रत्येक गोष्ट कालच हवी असते, म्हणून हे नाव. कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, सगळ्या पुस्तिकांतली चित्रं माझी. मी हातानं काढत नाही. कॉम्प्युटरवर एक माणूस असतो, त्याचे हात, पाय, मान हवे तसे वळवायचे, उजेड टाकायचा आणि चित्र घ्यायचं. कुठला अवयव कुठे न्यायचा ते कळावं म्हणून वर लाल बाण. सॉफ्टवेअरबरोबर तयार माणसंही येतात, पण ती सगळी छाती फुगवून उभी. त्यांची कसली डोंबलाची कंबर दुखणार. म्हणून पहिल्या पुस्तिकेच्या वेळी मी बाबांना चड्डी-बनियनवर बाहेरच्या खोलीत उभं केलं आणि त्यांच्यावरून माझं स्वतःचं पात्र बनवलं. रुंद खांदे, बेताचं पोट, जाड भुवया, ताठ मान. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ते ‘बाबा’ या नावानं ठेवलं. तेव्हापासून साऱ्या जगाच्या कंबरा बाबाच सरळ करतायत.

खरे बाबा शाळेत पी.टी.चे सर होते. प्रत्येक चित्र पाठवायच्या आधी त्यांना दाखवायचं हा घरचा नियम. चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि म्हणायचे, “याचा गुडघा वाकलाय. कामचुकार दिसतो.”

“ते तुम्हीच आहात,” मी म्हणायचे.

“मग वाकलेला नाही. तू चुकीच्या बाजूनं बघतेयस.”

नोव्हेंबरमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. आणि आता घाईवाल्यांना पुस्तिका हवी आहे ती नेमकी याच आजाराची. अंग लुळं पडलेल्या रुग्णानं घरी करायचे व्यायाम. त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, हो म्हणून मोकळी झाले. निदान माझ्यासमोर व्यायाम करणारा माणूस आहे.

७ फेब्रुवारी

बाबा बोलले.

सकाळचा व्यायाम चालला होता. मी त्यांचा हात वर नेत होते, आणखी थोडा, आणखी थोडा, असं म्हणत. आणि एकदम खणखणीत आवाज आला, “जैसे थे.” मला आधी वाटलं शेजाऱ्यांनी रेडिओ लावला. बाबांचा आवाज इतका स्वच्छ असेल असं मनातही नव्हतं. तीन महिने नुसता घशातला घरघराट ऐकलाय मी.

जैसे थे. म्हणजे पहिल्यासारखं. त्यांना पहिल्यासारखं व्हायचंय. त्यांना सगळं कळतंय, सगळं हवंय. मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि लगेच हात आणखी वर नेला. ते पुन्हा म्हणाले.

दादाला फोन केला. तो नोकरीच्या गावी असतो आणि फोनवर नेहमी मीटिंगमध्ये असतो.

“काय म्हणाले?”

“जैसे थे.”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मीटिंगमधून बाहेर आला असावा.

“काय करत होते तेव्हा?”

“मी व्यायाम करून घेत होते. हात वर नेला आणि म्हणाले.”

“बरं,” म्हणाला. “मी येतो. सुट्टी बघतो.”

बास, एवढंच. वडिलांना वाचा फुटली आणि हा सुट्टी बघतोय. याला आनंद तरी कशाचा होतो कोण जाणे.

१० फेब्रुवारी

फिजिओबाईंना सांगितलं. त्या हसल्या, पण जेवढं हसायला हवं तेवढं नाही. म्हणाल्या, असं होतं, सगळे शब्द जातात आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेला एखादा मागे राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. मी म्हटलं, यांच्या शब्दाला अर्थ आहे. कारण बघा, पाणी पाजताना ते असं म्हणत नाहीत. अंग पुसताना नाही. खिडकी उघडली तरी नाही. व्यायामाला हात धरला रे धरला की लगेच “जैसे थे.” व्यायामाचं नाव काढलं की त्यांना हुरूप येतो. बाई हात धुवायला गेल्या.

मीही हुरूप आल्यासारखी लायब्ररी आवरायला घेतली. नव्या पुस्तिकेआधी घर स्वच्छ हवं. काय पसारा करून ठेवला होता मी. ‘बाबा’, ‘बाबा नवीन’, ‘बाबा खरंच नवीन’, ‘बाबा हा घ्यायचा’. पात्रं एका फोल्डरमध्ये, पोझ दुसऱ्यात, त्वचेची आणि डोळ्यांची चित्रं तिसऱ्याच कुठेतरी. सगळं बसून लावलं. फोल्डरांना नीट नावं दिली, सगळ्या जुन्या प्रती काढून टाकल्या आणि एकच ‘बाबा’ ठेवला. आवरल्यावर स्क्रीन कशी लख्ख दिसायला लागली. आई असती तर म्हणाली असती, ओट्यावर पण असाच हात फिरव जरा.

१३ फेब्रुवारी

मला लिहवत नाहीये. तरी लिहिते.

नव्या पुस्तिकेचा रुग्ण करायचा होता. शून्यातून कशाला करा, म्हणून ‘बाबा’ उघडला. लॅपटॉप घेऊन खऱ्या बाबांच्या पलंगाशी बसले. उजवा खांदा खाली ओढला, कोपर वाकवलं, मूठ आवळली, ओठाचा कोपरा उतरवला, पापणी अर्धी मिटवली. एकदा यांच्याकडे बघायचं, एकदा स्क्रीनकडे. ओठ अजून थोडा खाली हवा होता. मी वाकून नीट बघितलं तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उजेड येत असेल म्हणून पडदा ओढला, तरी वळले नाहीत. मग उरलेलं आठवून केलं. हुबेहूब झालं.

आणि सेव्ह केलं.

सॉफ्टवेअरनं विचारलं, या नावाचं पात्र आधीच आहे, जुन्याच्या जागी नवं ठेवू का? दिवसभर हे तेच विचारत असतं. पोझ बदलली की विचारतं, उजेड बदलला की विचारतं. बोटाला सवय झालीय. हो म्हटलं.

नवं नाव द्यायचं राहिलं होतं. लायब्ररीत बघितलं तर ‘बाबा’ या नावासमोरच्या छोट्या चौकोनात वाकडं तोंड. दुसरा कुठलाच ‘बाबा’ नाही. सगळ्या जुन्या प्रती मीच स्वच्छतेच्या भरात काढल्या होत्या. कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती, बाईसाहेबांना लख्ख हवं होतं ना.

ताठ मानेचा, जाड भुवयांचा माणूस गेला. मी माझ्या हातानं त्याला झटका दिला.

१५ फेब्रुवारी

त्या फाइलचं नाव बदलून ‘रुग्ण’ केलं. हा बाबा नव्हे. हा घाईवाल्यांचा रुग्ण.

बाबा पुन्हा बनवायला बसले आहे. जमत नाही. ओठ वर नेला की दुसराच कोणीतरी हसायला लागतो. खांदा वर केला तर तो खांदे उडवणारा माणूस होतो. फोटो काढून बघितले. सगळे शाळेतले, मुलांच्या रांगेच्या टोकाला उभे, कपाळावर टोपी आणि तोंडात शिट्टी. घरातले फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे ते त्यात नाहीत. रोज ज्यांच्यासमोर जेवले त्यांची हनुवटी कशी होती ते मला आठवत नाही, आणि समोर गेलं तर आताचीच दिसते. आताची बघितली की आधीची आणखी पुसट होते.

दादाला फोन करून विचारलं, मागे तुला माझा जुना कॉम्प्युटर दिला होता, त्यात ‘बाबा’ असेल. “माळ्यावर आहे, बघतो,” म्हणाला. याचं बघतो म्हणजे देवाच्या हवाली.

प्रगती: व्यायाम दोनदाऐवजी तीनदा घेतला. दर वेळी “जैसे थे” म्हणाले. मी म्हटलं, हो बाबा, मीही त्याच मागे आहे.

१९ फेब्रुवारी

फिजिओबाई आज थोडा वेळ बसल्या. म्हणाल्या, तुम्ही फार करता, पण आता यात फारसा फरक पडेलसं वाटत नाही. छातीत कफ वाढतोय, वजन उतरलंय. थोडं त्यांच्या कलानं घ्या.

मी म्हटलं, त्यांच्या कलानंच घेतेय. ते स्वतः तोंडानं मागतायत.

बाईंनी पिशवी उचलली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला नाही आवडत असलं. पेशंट मी नाही.

चिडून चौथ्यांदा व्यायाम घेतला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आळशीपणा करतात हल्ली. ज्यांनी आयुष्यभर पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या त्यांनी असं करावं? मी तसं बोललेसुद्धा. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. थेंब घालायचे राहिले होते, घातले.

२४ फेब्रुवारी

घाईवाल्यांना पहिली चित्रं पाठवली. त्यांचं म्हणणं, रुग्ण फार खरा वाटतो. थोडा उत्साही करा, वाचणाऱ्यांना उमेद वाटली पाहिजे. मी त्याच्या ओठाचा धड असलेला कोपरा वर नेला. भयंकर दिसलं. पुन्हा खाली आणला आणि तेच चित्र परत पाठवलं. “हां, आता बरोबर,” म्हणाले.

व्यायाम चारदा. बाबांनी अन्न फार थोडं घेतलं.

३ मार्च

दादा आला. सोबत पेनड्राइव्ह. माझा जुना कॉम्प्युटर त्यानं खरंच माळ्यावरून काढून, कुणाकडून तरी सुरू करवून, त्यातून ‘बाबा’ काढून आणला. मी त्याला आल्या आल्या पाणीसुद्धा विचारलं नाही, पेनड्राइव्ह हातातून ओढून घेतला.

फाइल उघडली. आणि एक पांढराफटक माणूस उभा राहिला. अंगाला रंग नाही, डोळ्यांत बुबुळं नाहीत. वर पाटी, त्वचेची फाइल सापडत नाही, कुठे आहे ते दाखवा. पात्राच्या फाइलमध्ये नुसता आकार असतो. रंगरूप बाहेर दुसऱ्या फोल्डरमध्ये असतं आणि फाइल त्याचा जुना पत्ता धरून बसलेली असते. मी आवरताना सगळ्यांचे पत्ते बदलले होते. आवरून ठेवलेलं घर आणि कोणालाच काही सापडत नाही.

“हे बाबा?” दादा मागून म्हणाला. “हे तर पुतळा झाले.”

“थांब जरा.”

एकेक फाइल शोधून दाखवत गेले. हात सापडले. पाय सापडले. मग डोळे. चेहरा काही केल्या मिळेना, मीच त्याला कुठल्या हुशारीनं कुठे टाकलं होतं कोण जाणे. शेवटी मिळाला, ‘इतर’ म्हणून एक फोल्डर केलं होतं त्यात. चेहरा दाखवला आणि बाबा आले. भुवया, मान, हनुवटी, सगळे आले. मी ओक्साबोक्शी रडले. दादा बापडा पाणी घेऊन आला, जे मी त्याला द्यायला हवं होतं.

लॅपटॉप उचलून बाबांच्या खोलीत नेला. समोर धरला. “बघा बाबा, जैसे थे.”

त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग डावा हात उचलून लॅपटॉपचं झाकण हळूच खाली दाबलं आणि दादाकडे हात केला. दादा जवळ गेला. त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली त्यांनी, झोप लागेपर्यंत. इतकं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

४ मार्च

आजचं सगळं जसंच्या तसं लिहायचं आहे, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

सकाळी व्यायाम घ्यायचा होता. दादाला म्हटलं, आयता आलायस तर पाय तू धर, हात मी धरते. त्यानं तोंड वाकडं केलं, पण धरला. मी म्हटलं, चला बाबा, वर. हात वर नेला.

“जैसे थे,” बाबा म्हणाले.

दादानं पाय गादीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरून उभा राहिला. सरळ. हात दोन्ही बाजूंना. एवढा पोट सुटलेला माणूस, केस गेलेला, पोरीचं लग्न करायला निघालेला, आणि असा उभा.

“सोडलास का?”

“जैसे थे म्हणाले ना.”

“म्हणूनच तर करतोय. त्यांना पहिल्यासारखं व्हायचंय.”

दादानं माझ्याकडे बघितलं. “ठमे,” म्हणाला. लहानपणी चिडवायला म्हणायचा, आज चिडवायला म्हणाला नाही. “तू त्यांच्या शाळेत नव्हतीस. कवायतीत हुकूम चुकला की सर जैसे थे म्हणायचे. म्हणजे दिलेला हुकूम रद्द. वर गेलेले हात खाली, पुढे गेलेला पाय मागे, सगळे आपापल्या जागी. ते तुला थांब म्हणतायत.”

मी मुलींच्या शाळेत. आम्हाला पी.टी.च्या तासाला दोरीवरच्या उड्या आणि सावधान-विश्राम, पुढचं काही नाही. आणि घरी बाबा कधी हुकूम देत नसत. घरी ते बाबा होते. दादालाच ते शाळेत सर म्हणून भोगावे लागले.

“तुला कधी कळलं?”

“तू फोन केलास तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू किती खूश होतीस. माझ्यानं फोनवर सांगवेना.”

मग मी जे बोलले ते बोलले. तू फिरकत नाहीस, तू नुसती बाही धरून घ्यायला येतोस, इथलं सगळं मी काढते आणि अर्थ सांगायला तू. तो ऐकत राहिला. त्यानं उलटून एक शब्द काढला नाही, त्यामुळे मला आणखीच बोलता आलं. बाबांसमोर बोलले. बाबा छताकडे बघत होते.

दुपारच्या गाडीनं तो गेला. जाताना म्हणाला, “मी पंधरवड्यात परत येतो, राहायलाच येतो. तू चिडलेली चालेल.”

५ मार्च

सकाळी बाबांजवळ बसले. व्यायामाची वेळ झाली होती. त्यांनाही ती कळते, अंग आक्रसून घेतात. हे मी आधीही बघितलं होतं आणि त्याला तयारी म्हणत होते.

उजवा हात हातात घेतला. किंचित उचलला.

“जैसे थे.”

खाली ठेवला.

त्यांनी श्वास सोडला, लांब. डोळे माझ्याकडे वळवले. मी म्हटलं, “बाबा, मला कळलं नव्हतं हो.” त्यांच्या घशातून काहीतरी आलं, ते शब्द नव्हते. मी पुन्हा हात उचलला नाही. नुसता धरून बसले. रोज इतक्या वेळा तो हात हातात घेतला, पण नुसता धरला असा आजच. गरम होता. मला वाटलं होतं लुळा हात गार असतो.

फिजिओबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगलं केलंत, कूस बदलत राहा, उशा नीट लावा, तेवढंच पुरे. “मी म्हटलं होतं” असं त्या म्हणाल्या नाहीत. मी असते तर म्हणाले असते.

दादावरचा माझा राग अजून गेलेला नाही. खरं बोलणाऱ्यावरचा जास्त दिवस टिकतो.

१० मार्च

नोंद ठेवायला प्रगती नाही. पण वही आहे, तर लिहिते.

बाबा जास्त झोपतात. जागे असले की मी लॅपटॉप नेते आणि चित्रं दाखवते, आधीसारखी. हे आधीच करायला हवं होतं. सहा पुस्तिका त्यांनी तपासल्या आणि ही एकच मी त्यांच्यापासून लपवून, त्यांच्यावरूनच, करत बसले होते. चष्मा लावून देते. रुग्णाचं चित्र बघून ते तोंड फिरवतील असं वाटलं होतं. फिरवलं नाही. एका चित्रात गुडघ्याखाली उशी ठेवली होती, त्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं. मी उशी सरकवली. बोट तिथंच. आणखी सरकवली, तेव्हा बोट काढलं. मी म्हटलं, “कामचुकार आहे ना हा?” त्यांच्या तोंडाची धड बाजू हलली.

शेवटच्या पानाचं चित्र घाईवाल्यांना उमेदीचं हवं आहे. मी रुग्णाला खिडकीशी खुर्चीत बसवलाय, पाठीला उशी, लुळा हात मांडीवर, आणि त्या हातावर वर जाणारा लाल बाण. बाबांनी बाणावर बोट ठेवलं. मी त्याची दिशा बदलली. बोट हललं नाही. लहान केला. हललं नाही. काढून टाकला. मग त्यांनी हात पांघरुणात घेतला आणि झोपले.

१४ मार्च

दादा आला, राहायला, बॅगा घेऊन. मी त्याला पाणी दिलं. आम्ही त्या दिवसाबद्दल काही बोललो नाही. रात्रीची पाळी त्यानं घेतली, दिवसाची मी.

बाबा काहीच बोलत नाहीत. ते दोन शब्दही नाहीत. मी एकदा मुद्दाम त्यांचा हात उचलून बघितला, निदान तेवढं ऐकू येईल म्हणून. लगेच खाली ठेवला. लाज वाटली.

१८ मार्च

सकाळी गेले. आम्ही दोघं जवळ होतो. हात माझ्या हातात होता, उजवाच.

३१ मार्च

दादा काल परत गेला. घर इतकं आवरलेलं आहे की बसवत नाही. म्हणून कामाला बसले.

घाईवाल्यांना सगळी चित्रं पाठवली. तासाभरात फोन. शेवटच्या चित्रात बाण घालायचा राहिलाय म्हणाले.

“राहिला नाही. तसाच आहे तो.”

“मग यात रुग्ण करतोय काय?”

“बसलाय.”

“पण व्यायाम कुठला?”

“कुठलाच नाही. आमच्या सरांनी तपासून दिलंय,” मी म्हटलं. मग सांगितलं त्यांना सगळं. कोण सर, कोण रुग्ण, कधी गेले. “राहू दे मग तसंच,” म्हणाले आणि सावकाश फोन ठेवला.

मला वाईट वाटतंय आणि ते जात नाही. फेब्रुवारी सगळा मी त्यांचा हात ओढत होते. ते थांब म्हणत होते आणि मी हुरूप म्हणून लिहून ठेवत होते. वही मागे उलटून बघितली, माझ्याच अक्षरात आहे. जो माणूस गेला नव्हता त्याला सोडून मी गेलेल्याला शोधत बसले. हे दादाला म्हटलं तर म्हणाला, पुढचे पंधरा दिवस तर बसलीस ना जवळ. बसले. पंधरा दिवस पुरतात की नाही ते त्यालाही माहीत नाही.

काम संपलं म्हणजे पात्रं नीट ठेवायची. लायब्ररी उघडली. ‘बाबा’ ताठ मान करून उभे, दादानं आणलेले. शेजारी ‘रुग्ण’. मी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. हा ओठ मी त्यांच्याकडे बघून उतरवला. ही मूठ मी धरली आहे, ही मला माहीत आहे, अगदी शेवटपर्यंत. पहिल्या बाबांची हनुवटी मला आठवत नव्हती. यांची आठवते.

‘रुग्ण’ खोडलं आणि ‘बाबा’ लिहिलं. सॉफ्टवेअरनं पुन्हा विचारलं, या नावाचं पात्र आधीच आहे, जुन्याच्या जागी नवं ठेवू का? नाही म्हटलं. मग दुसरं नाव द्या म्हणालं, एका नावाची दोन चालत नाहीत. आजारी बाबा असं लिहून बघितलं, पुसलं. बाबा दोन लिहिलं, तेही पुसलं. दोन नव्हतेच कधी.

शेवटी एक अक्षर जोडलं, तेव्हा त्यानं घेतलं. ‘बाबाच’.